खर्चाबाबत हुकूम नाही

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

नमस्कार-चमत्कार मागून. आधी सोबतचा कागद वाच. फोन करत नाही, कारण फोन मधल्या खोलीत आहे आणि तुझ्या मामीचे कान अजून शाबूत आहेत.

मी रुग्णालयाला एक साधा प्रश्न विचारला होता. डायलिसिस विभागात जे पाणी वापरता त्याचे तपासणी अहवाल दाखवा. माहितीच्या कायद्याखाली रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की अहवाल देता येत नाहीत, कारण पाणी शुद्ध करण्याचं काम ज्या ठेकेदार कंपनीकडे आहे, तिचं ते व्यापारी गुपित आहे.

पाणी हे गुपित! अगं, तुझी मामी आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीवर चार-चार तास बसते. तिचं रक्त नळीतून बाहेर येतं, एका पातळ पडद्याच्या अलीकडून वाहतं, पलीकडून ते पाणी वाहतं, आणि रक्त परत तिच्या अंगात जातं. म्हणजे हे गुपित तिच्या रक्ताला कळतं, पण तिला कळता कामा नये!

गेल्या ऑक्टोबरपासून खुर्चीवर बसून जरा वेळ झाला की तिला हुडहुडी भरते. दात वाजतात, संध्याकाळी ताप. सिस्टर दोन ब्लँकेटं घालतात आणि म्हणतात, "एसी जास्त झालाय." शेजारच्या खुर्चीवरच्या शिंपीणबाईंनाही तेच. त्यांच्या पलीकडे एक बसचालक असतो, तो मला हळूच म्हणाला, "काका, एसी बंद आहे. मी मघाशीच बघितला."

दुसरीकडे न्यावं म्हटलं तर सरकारी खुर्च्या शहरात फक्त इथेच, आणि खासगी ठिकाणी माझं निवृत्तिवेतन पहिल्याच आठवड्यात संपेल. खुर्ची सोडली तर चार-पाच दिवसांत काय होतं ते तुला माहीत आहे. तेव्हा तिथेच बसायचं आहे. निदान कशात बसवतोय हे तरी नवऱ्याला कळू दे.

तू वकील आहेस. दावा लाव. फी काय ती सांग, भीड धरू नकोस.

तुझा,
मामा

१७ जानेवारी

मामा,

पत्र ऑफिसात फोडलं. पहिल्या दोन ओळींना हसले, पुढे हसू गेलं.

दावा लावते. नव्या कायद्यात नकार आला की थेट न्यायालयात जाता येतं. कागद तयार करतेय. फीचा विषय पुन्हा काढलास तर मामीला सगळं सांगेन. तिच्या हातचं खाऊन वाढलेय मी, तिच्या खुर्चीचे पैसे तुझ्याकडून घेऊ?

पण एक गोष्ट नीट समजून घे, कारण भाषण ठोकताना तू असल्या गोष्टी ऐकत नाहीस. अशा दाव्यांत सरकारी कार्यालयाला वकिलाचे पैसे खिशातून द्यावे लागत नाहीत, तिजोरी देते. विचारणाऱ्याला मात्र पदरचे घालावे लागतात. म्हणून कायद्यात एक कलम आहे: माहिती मागणारा जिंकला, तर त्याचा खर्च कार्यालयानं भरावा असा हुकूम न्यायालय करू शकतं. आमचे थोरले वकील त्याच कलमाच्या भरवशावर असली प्रकरणं घेऊ देतात. मी तुझं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "मामा आहेत ना, घे. पण खर्च वसूल झाला पाहिजे. झाला तर पुढचीही घेऊ." पुढची म्हणजे शिंपीणबाई, बसचालक, आणि महिन्या-महिन्याला तू जे अर्ज करशील ते. एकदा अहवाल मिळून भागणार नाही, मामा. पाणी रोज नवं येतं.

हरलो तर ते त्यांचा खर्च तुझ्याकडे मागू शकतात. मामीला हे सांगू नकोस.

आणि न्यायालयात गप्प बसायचं. छापखान्याच्या फाटकावर कामगारांपुढे तू जन्मभर बोललास, तिथे मालक खिडकी लावून घेत असे. इथे न्यायाधीशांना खिडकी नाही.

मामी कशी आहे? खरं लिही.

भिंगरी

३ मार्च

प्रिय भिंगरी,

काल तू सुनावणी संपवून बस पकडायला पळालीस आणि खरी गंमत पुढे झाली.

रुग्णालयाचे वकील, ज्यांचा कोट पाहून मी त्यांचं नाव 'इस्त्रीवाले' ठेवलंय, ते जिन्यात माझ्याजवळ आले. अगदी गोड. म्हणाले, "काका, भाची हुशार आहे हं तुमची."

"आमच्याकडे सगळ्या मुली हुशारच निघाल्या," मी म्हटलं. "मुलगे जरा इस्त्रीकडे वळले."

हसले बिचारे. मग म्हणाले, "पण हरलात तर आमचा खर्च तुमच्यावर बसेल. घर स्वतःचं आहे का?"

बघ, कसं विचारलं! जेवलात का विचारावं तसं. मी म्हटलं, "स्वतःचं आहे. पण आत पुस्तकं इतकी आहेत की जप्तीवाल्याला उभं राहायला जागा मिळायची नाही."

आणि आत न्यायालयात काय म्हणाले होते हेच गृहस्थ? अहवाल उघड केले तर रुग्णांमध्ये घबराट पसरेल! न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं, "पाणी चांगलं असेल तर घबराट कशाची?" तेव्हा टाळी वाजवायला हात शिवशिवले होते माझे. तुझी आज्ञा म्हणून मांडीखाली दाबून बसलो. माणसाला त्याच्या अंगात काय जातं हे सांगितलं तर तो घाबरेल, म्हणून सांगायचं नाही, हा राज्यकारभार आहे की नजरबंदीचा खेळ? ज्याला सत्य सांगायची भीती वाटते त्यानं सत्य बिघडवलेलं असतं, एवढं मला फाटकावर उभं राहून कळलेलं आहे. पण गप्प बसलो. एक शब्द नाही. तू पाहिलंस.

मामी का आली नाही, असं तू विचारलंस. तिला सर्दी होती. बाकी ठीक.

मामा

१२ एप्रिल

भिंगरी, भिंगरी, भिंगरी!

जिंकलो!

काल अधीक्षकांनी स्वतः बोलावून घेतलं. स्वतःच्या खोलीत, पंख्याखाली. चहा मागवला. टेबलावर जाडजूड पाकीट. म्हणाले, "काका, वाद कशाला वाढवायचा? हे घ्या तुमचे अहवाल." निकालाला चार दिवस उरले असताना गुडघे टेकले बघ!

बाहेर बाकावर बसूनच वाचले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तिन्ही महिन्यांत पाण्यात जंतू ठरलेल्या मर्यादेच्या वर. डिसेंबरच्या अहवालाखाली तपासणाऱ्यानं लाल शाईत लिहिलंय, 'फिल्टर तातडीने बदलावा'. तातडीने! जानेवारीत त्यांनी मला गुपित म्हणून कळवलं ते हेच. वाचता वाचता असा ताडकन उठलो की पानं बाकाखाली गेली. शिंपीणबाईंच्या जावयानं उचलून दिली. त्याच्या, बसचालकाच्या, सगळ्यांच्या हातात प्रती दिल्या. बसचालक म्हणाला, "काका, म्हणजे एसीची माफी मागायला पाहिजे."

अधीक्षक म्हणतात, फेब्रुवारीअखेर फिल्टर बदललाय. फेब्रुवारीनंतरचे अहवाल पाकिटात नाहीत, ते आता मागू.

पाकीट घेताना पोच द्यायची होती. नुसती सही काय करायची? माणूस तीन महिने तोंड बांधून बसला होता! आयुष्यभर सभा चालवल्या, आभारप्रदर्शनाशिवाय एकही संपवली नाही. हरलेल्या मालकाचेही आभार मानले आहेत मी, तो आपला रिवाज आहे. तेव्हा सहीवर दोन ओळी लिहिल्या: 'माननीय अधीक्षकांनी सौजन्याने आणि स्वखुशीने सर्व माहिती दिली. माझे पूर्ण समाधान झाले असून मी त्यांचा मनःपूर्वक आभारी आहे.' अधीक्षकांनी वाचलं आणि उठून उभे राहिले. अशी जिरवायची असते शत्रूची, सभ्यपणानं.

आता खर्चाचा हुकूम घे आणि तुझ्या थोरल्यांच्या टेबलावर आपट.

विजयी मामा

२० एप्रिल

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पाणी पिऊन चौथ्यांदा वाचलं.

सोमवारी निकाल नव्हताच. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "अर्जदाराला माहिती मिळाली आहे. ठरवण्यासारखा वाद उरलेला नाही." दावा निकाली. आपण जिंकलो नाही, मामा. हरलोही नाही. सामना संपायच्या आत समोरच्यानं चेंडू खिशात घातला आणि निघून गेला.

ते निकालाआधी चार दिवस शहाणे झाले, ते उगाच नाही. निकाल लागला असता तर तो आपल्या बाजूनं लागला असता, पाणी हे गुपित नाही असं कागदावर ठरलं असतं आणि खर्च त्यांच्यावर बसला असता. आता यातलं काहीच ठरलं नाही.

मी खर्चाचा वेगळा अर्ज केलाय. म्हणणं एवढंच: दावा लावला म्हणून अहवाल निघाले, तेव्हा जिंकल्यासारखंच धरा. चांगला मुद्दा आहे. पण इस्त्रीवाल्यांनी उठून तुझी पोच वाचून दाखवली. 'सौजन्याने.' 'स्वखुशीने.' 'पूर्ण समाधान.' त्यांना एक शब्दही पदरचा घालावा लागला नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला तुझा आवाज ऐकू येत होता.

रागावले नाही. खरंच नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं की आभार मानल्यानं दावा जातो. मीच तुला बोलू नको म्हटलं, लिहू नको म्हणायचं सुचलं नाही.

आणखी एक. इस्त्रीवाल्यांनी विचारलं, भाचीनं मामाकडून फी घेतलीच नसेल, तर खर्च झाला कुठे? म्हणून न्यायालयानं फीचं बिल मागितलंय. ते ऑफिसनं तयार केलंय, सोबत आहे. हे फक्त न्यायालयाला दाखवण्यासाठी. तू भरायचं नाहीस. समजलं का? भरायचं नाहीस.

भिंगरी

६ मे

चि. भिंगरीस,

तुझ्या मामीचा आशीर्वाद. मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे हे बघून घाबरशील. घाबरू नकोस, मी बरी आहे.

तुझं बिल आलं तेव्हा ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि पुस्तकांच्या कपाटापुढे जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, तिनं भरू नका लिहिलंय." तर म्हणाले, "तिला तसंच लिहावं लागतं. वरच्या साहेबानं बिल काढायला लावलं असणार, पोरगी भिडेपोटी नको म्हणते. तिची नोकरी आहे." मी म्हटलं, फोन करून विचारा. म्हणे, "विचारलं तर ती नाहीच म्हणणार." ह्यांच्याशी कोण बोलणार! मीच बोलू जाणे, आणि मीसुद्धा हरले.

जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी आला आणि दोन्ही कपाटं रिकामी करून गेला. हे बाहेर फिरायला गेले होते तेवढ्यात. मुद्दाम गेले. परत आले तर रिकाम्या फळ्यांवरून फडकं फिरवत बसले. पैसे त्याच दिवशी तुमच्या ऑफिसच्या खात्यात भरले.

दुसरं म्हणजे मार्चमध्ये मला सर्दी नव्हती. फेब्रुवारी संपता संपता ताप डोक्यात गेला आणि मी आठ-दहा दिवस वॉर्डात होते. तू सुनावणीला आलीस तेव्हा मी रुग्णालयात वरच्या मजल्यावरच होते. तुझं चित्त दाव्यावर राहावं म्हणून ह्यांनी सांगितलं नाही. खिडकीतून तुझी बस जाताना दिसली, असं मी मनाशी म्हटलं, ती तुझीच होती की नाही देव जाणे.

हे मी लिहिलंय असं त्यांना कळू देऊ नकोस. तुला आणखी एक सांगते, त्यांनाही सांगितलेलं नाही. अहवाल वाचायच्या आधी मी खुर्चीवर डोळे मिटून घेत असे. आता मिटत नाही.

मामी

२७ जून

मामा,

खर्चाचा हुकूम आज आला. तुला फोनवर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून पत्र.

न्यायाधीशबाईंनी लिहिलंय की त्यांना सहानुभूती आहे. मग लिहिलंय की खर्च जिंकणाऱ्याला मिळतो. अर्जदाराच्या बाजूनं निकाल झालेला नाही, कारण निकालच झालेला नाही. कार्यालयानं माहिती स्वखुशीनं दिली असं अर्जदारानं स्वतः लिहून दिलेलं आहे. शेवटची ओळ अशी: 'खर्चाबाबत हुकूम नाही. ज्याचा त्यानं सोसावा.'

ज्याचा त्यानं. त्यांचा खर्च तिजोरी सोसेल. तुझा तू सोसलास, ते मला ऑफिसच्या खात्यावरून कळलं. (दुसऱ्या कुणाकडून नाही.) मामा, मी दोनदा लिहिलं होतं, भरू नकोस. माझं लिहिणं एवढं का रे खोटं वाटलं तुला?

पैसे तेव्हाच परत केले असते, तर खर्च झालाच नाही असं होऊन अर्ज जागच्या जागी पडला असता. म्हणून हुकूम येईपर्यंत हात बांधून बसले. आज थोरल्यांकडे गेले. म्हटलं, "परत करा." ते म्हणाले, "बिल दिलं, त्यांनी भरलं. आता परत कशाबद्दल?" मी म्हटलं, "माझा मामा आहे." ते म्हणाले, "म्हणूनच घेतलं होतं प्रकरण." दुष्ट माणूस नाही गं, असं मी स्वतःलाच म्हणत बाहेर आले. पुढची प्रकरणं बंद. शिंपीणबाईंचे आणि बसचालकाचे कागद मला आजच परत पाठवावे लागले. नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायला मनाई आहे. नोकरी सोडते म्हटलं तर तू आणि मामी दोघं मिळून मला फाडून खाल.

पगारातून दर महिन्याला थोडे पाठवेन. पहिले सोबत आहेत. ते परत केलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, हे भिडेपोटी लिहिलेलं नाही.

वकील म्हणून तुला आता काय सांगू? एवढंच कळतं की फेब्रुवारीनंतरचं पाणी कसं आहे हे विचारायला नवा अर्ज लागेल, नवा नकार मिळेल, नवा दावा लागेल, आणि तो लढवायला मी नसेन. दुसरा कुणी वकीलही नसेल. हा हुकूम आता सगळे वकील वाचतील.

भिंगरी

१५ जुलै

प्रिय भिंगरी,

पैसे ठेवून घेतले. बोलत राहा.

नवा अर्ज मी केला होता. नकार आला. तोच कागद, तीच वाक्यं, तारीख तेवढी बदललेली. ते घेऊन अधीक्षकांकडे गेलो. या वेळी उभ्या उभ्याच भेटले.

"साहेब, फिल्टर बदललात ना?"

"बदलला, काका. आता निश्चिंत राहा."

"मग चांगला अहवाल दाखवायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही हो. पण कंपनीचा कागद आहे. तुम्ही न्यायालयात जा ना, तुम्हाला रस्ता माहीत आहे." आणि हसले. वाईट हसले नाहीत. ओळखीचा माणूस हसतो तसे.

गेलो, वकिलाशिवाय. खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "आजोबा, तारीख पुढच्या वर्षी पडेल. आणि हरलात तर त्यांचा खर्च तुमच्यावर. वाचलंत ना?" वाचलं होतं. आपण हरलो नाही म्हणून वाचलो होतो, ते प्रत्येक वेळी कसं जमणार? घरात आता विकण्यासारखं फक्त घर आहे. सोबत आलेली मामी म्हणाली, "परत चला." कागद घेऊन परत आलो.

मी तुला लिहायला बसलो तो एक जळजळीत पत्रक डोक्यात घेऊन. प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आणि विचारण्याची किंमत ज्याची त्यानं सोसायची ठेवली, तर तो अधिकार फक्त ज्यांना प्रश्न पडत नाहीत त्यांच्यापाशी उरतो. असं बरंच. फाटकावर असतो तर माणसं थांबली असती. लिहून झाल्यावर वाटलं, हे वाचायचं कुणी? थांबायला फाटकावर आता कोण आहे? फाडलं.

बसचालक गेल्या आठवड्यात गेला. कशानं गेला हे त्याच्या बायकोला माहीत नाही. मला म्हणाली, "काका, तुम्ही विचारा ना." मी तिला हो म्हटलं. काय म्हणणार?

मामीला परवा पुन्हा थोडी थंडी वाजली. ताप आला नाही. खोलीत गारवा होता, एसी चालू होता, मी हात लावून पाहिला. म्हणजे एसीमुळे असेल. नसेलही. तिनं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" साठ वर्षांत या बाईनं मला काय वाटतं असं कधी विचारलं नव्हतं, मीच सांगत असे. मी उठून एसीला पुन्हा हात लावून आलो.

आता मी एवढंच करतो. विभागात गेलो की सिस्टरांना विचारतो, "पाणी ठीक आहे ना?" त्या म्हणतात, "हो काका, ठीक आहे." त्यांना कुणी सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे. मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत आहे. मग मी तुझ्या मामीच्या चपला काढून खुर्चीखाली ठेवतो, आणि ती हात पुढे करते.

मामा